पंचवीस बैशाख : रवींद्रजयंतीचा इतिहास आणि आपला अभ्यास

‘जयंती’ हा शब्द आपल्या समाजजीवनात किती खोलवर रुजला आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. १४ एप्रिल १९२८ रोजी जनार्दन सदाशिव रणपिसे यांनी पुण्यात बाबासाहेबांची पहिली जयंती साजरी केली. ज्या वस्त्यांत ग्रंथालय नव्हते, सभागृह नव्हते, व्याख्यानमाला नव्हती, त्या वस्त्यांत पुढे जयंती हीच लोकांची शाळा झाली. भीमराव कर्डकांचा जलसा, वामनदादांची गीते आणि त्यानंतर होणारे विचारवंतांचे भाषण, या तिन्हींतून निरक्षर आईबापांनी आपला इतिहास ऐकला आणि मुलांना शिकवण्याचा निर्धार केला. गाणे आणि विचार आपल्या परंपरेत कधी वेगळे नव्हते.

आज मात्र अनेक ठिकाणी ध्वनिक्षेपकांच्या भिंती उंच होत चालल्या आहेत आणि व्याख्यानाला उरलेली वेळ कमी होत चालली आहे. जयंती मोठी होत आहे. ती खोलही होत आहे काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. अशा वेळी दुसऱ्या एका प्रांताने आपल्या एका माणसाची जयंती शंभरांहून अधिक वर्षे गाणे, नृत्य आणि भाषण यांच्या आधारे कशी टिकवली, याचा अभ्यास उपयोगी ठरेल, असे आम्हांस वाटते. तो प्रांत बंगाल आणि तो माणूस रवींद्रनाथ ठाकूर. या अभ्यासाला आणखी एक कारण आहे. रवींद्रनाथांच्या जयंतीच्या रंगमंचावर तथागतांच्या संघाच्या कथा वारंवार सादर होतात. त्या कथा आपल्याही आहेत. म्हणून त्या तिथे कशा सांगितल्या जातात, हे पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते आपले कर्तव्यही आहे.

तारीख आणि पंचांग

रवींद्रनाथांचा जन्म कलकत्त्यातील जोडासांको येथील ठाकूरवाड्यात ७ मे १८६१ रोजी झाला. बंगाली पंचांगाप्रमाणे तो दिवस १२६८ सालच्या बैशाख महिन्याची पंचविसावी तारीख होता. बंगाली बैशाख हा सौर महिना आहे. तो एप्रिलच्या मध्यास सुरू होतो आणि त्याची तिथी चंद्रावर अवलंबून नसते. त्यामुळे आपला वैशाख आणि बंगालचा बैशाख यांची नावे एक असली तरी मोजणी वेगळी आहे. बांगलादेशाने आपल्या पंचांगात सुधारणा केल्यामुळे तिथे ही जयंती ८ मे रोजी येते, तर पश्चिम बंगालमध्ये ती ८ किंवा ९ मे रोजी येते. बंगालमध्ये या दिवसाला कोणी ‘रवींद्रजयंती’ म्हणतात, पण लोकांच्या तोंडी असलेले नाव एकच : ‘पोंचिशे बोइशाख’, म्हणजे पंचवीस बैशाख. तारीख हेच सणाचे नाव व्हावे, हे आपल्याला नवे नाही. ‘चौदा एप्रिल’ एवढे म्हटले की आपल्याकडे पुढचे काही सांगावे लागत नाही.

या दोन तारखांचा एक योगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. बीरभूम जिल्ह्यातील शांतिनिकेतनात मे महिन्यात उन्हाळा कडक असतो, पाण्याची टंचाई असते आणि विद्यार्थी सुटीवर गेलेले असतात. म्हणून कवींच्या अखेरच्या काही वर्षांत आश्रमात त्यांचा जन्मदिन बंगाली नववर्षाच्या दिवशी, म्हणजे एप्रिलच्या मध्यास साजरा होऊ लागला. विश्वभारतीतील चीन भवनाचे उद्घाटन १४ एप्रिल १९३७ रोजी झाले. कवींचा अखेरचा मोठा निबंध ‘सभ्यतार संकट’ हाही १४ एप्रिल १९४१ रोजी त्यांच्या वाढदिवसाच्या समारंभात वाचला गेला. प्रकृती ढासळलेली असल्यामुळे तो क्षितिमोहन सेन यांनी वाचून दाखवला. दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, स्वतःच्या सत्काराच्या दिवशी या वृद्ध कवीने पाश्चात्त्य संस्कृतीवरचा आपला विश्वास कसा ढळला, हे सांगितले. मात्र माणसावरचा विश्वास गमावणे हे पाप होय, असेही बजावले. जयंतीचा दिवस हा स्तुती ऐकण्याचा नसून काहीतरी कठीण सांगण्याचा दिवस आहे, हा पहिला धडा आपल्याला येथे मिळतो.

घरातून लोकांपर्यंत

आज ज्या उत्सवाला लक्षावधी लोक जमतात, त्याची सुरुवात अगदी घरगुती होती. १८८७ साली भाची सरलादेवी यांनी आपल्या ‘रविमामां’चा वाढदिवस प्रथम साजरा केला. त्या वेळी कवी सव्वीस वर्षांचे होते. घरी ओवलेली बकुळीच्या फुलांची माळ आणि काही भेटवस्तू, एवढाच तो समारंभ होता. पुढे १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात केवळ पाच विद्यार्थ्यांना घेऊन निवासी शाळा काढली. १९१० पासून तेथील शिक्षक आणि मुले हा दिवस साजरा करू लागली. १९११ मध्ये कवींना पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि २८ जानेवारी १९१२ रोजी बंगीय साहित्य परिषदेने कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा जाहीर सत्कार केला. ही गोष्ट नोबेल पारितोषिकाच्या आधीची आहे. ते पारितोषिक १९१३ मध्ये मिळाले. परदेशाने गौरवण्यापूर्वीच त्यांच्या भाषेने त्यांना ओळखले होते.

१९३१ मध्ये सत्तरी पूर्ण झाली, तेव्हा रामानंद चट्टोपाध्याय यांनी संपादित केलेला मोठा गौरवग्रंथ निघाला आणि त्यामागे महात्मा गांधी, रोमाँ रोलाँ, आइन्स्टाइन, जगदीशचंद्र बसू यांच्यासारख्यांची नावे होती. ७ ऑगस्ट १९४१ रोजी कवींचे निधन झाले. त्यानंतर उत्सवमूर्ती नसलेला उत्सव सुरू झाला आणि तो थांबला नाही. १९६१ च्या जन्मशताब्दीला देशभर रवींद्रांच्या नावाने नाट्यगृहे आणि संस्था उभ्या राहिल्या. सत्यजित राय यांनी त्यांच्या जीवनावर माहितीपट काढला. ८ मे १९६२ रोजी जोडासांकोच्या वाड्यातच रवींद्रभारती विद्यापीठ सुरू झाले.

जयंतीच्या दिवशी काय घडते?

पंचवीस बैशाखच्या सकाळी कलकत्त्यातील लोक जोडासांकोच्या अंगणात जमतात. पांढरी, लाल काठाची साडी नेसलेल्या स्त्रिया, धोतर-पंजाबीतील पुरुष, केसांत फुले माळलेल्या मुली. प्रतिमेपुढे निशिगंधाचे हार, चंदन आणि जमिनीवर तांदळाच्या पिठाने रेखलेली अल्पना. गायक एकामागून एक येतात आणि गातात. संध्याकाळी गल्लोगल्लीच्या मंडळांत, ज्यांना तिथे ‘पाडार क्लब’ म्हणतात, लाकडी फळ्यांचा मंच बांधलेला असतो. हार्मोनियम, तबला, एस्राज अशी साथ असते. लहान मूल पुढे येऊन कविता म्हणते, मध्येच विसरते, समोर बसलेले आजोबा पुढची ओळ पुटपुटतात आणि मूल सावरते. एकाच कवीची ओळ आजोबा आणि नातू या दोघांनाही पाठ असणे, हे त्या समाजाचे धन आहे.

कार्यक्रमाचे साधारण तीन भाग असतात. पहिला भाग गाण्याचा. रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गाणी रचली आणि त्यांना चालीही स्वतःच दिल्या. ‘गीतवितान’ या संग्रहात ती पूजा, स्वदेश, प्रेम, प्रकृती, विचित्र आणि आनुष्ठानिक अशा पर्यायांत लावलेली आहेत. ‘स्वरवितान’ या ग्रंथमालेत त्यांची स्वरलिपी छापलेली आहे, म्हणून दूरच्या खेड्यातील शिक्षकही मूळ चाल शिकवू शकतो. हे विशेष ध्यानात घ्यावे. आपली कितीतरी जलशाची गाणी आणि भीमगीते शाहिरांच्या कंठातच राहिली आणि त्यांच्याबरोबर गेली. शब्द वह्यांत उरले, चाली हरवल्या. बंगालने गाणे लिहून ठेवले, एवढेच नव्हे तर स्वरही लिहून ठेवले.

दुसरा भाग नृत्यनाट्याचा आणि तिसरा भाग भाषणाचा. चांगल्या ठिकाणी भाषण म्हणजे गुणगान नसते. एखादा प्राध्यापक त्या वर्षी एक विषय घेतो : कवींचे शिक्षणविचार, शेतकरी, राष्ट्रवादावरील त्यांची टीका, अथवा गांधींशी झालेले मतभेद. १९३४ मध्ये बिहारात प्रचंड भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाबद्दल मिळालेला दैवी दंड होय, असे गांधीजी म्हणाले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. अस्पृश्यता त्यांनाही अमान्यच होती. परंतु निसर्गातील घटनेला नीतीचा दंड म्हणणे हे अंधश्रद्धेला बळ देणे होय, अशी त्यांची भूमिका होती. कार्यकारणभाव शिकवणाऱ्या धम्माच्या विद्यार्थ्यांना हा वाद आवर्जून समजावून सांगावा असा आहे.

‘नटीर पूजा’ : जयंतीच्या मंचावर बुद्धकथा

जयंती, नृत्य आणि बौद्ध कथा या तिन्हींची गाठ ज्या दिवशी पडली, तो दिवस १९२६ सालचा पंचवीस बैशाख होय. त्या दिवशी शांतिनिकेतनात कवींच्या जन्मदिनानिमित्त ‘नटीर पूजा’ हे नाटक प्रथम सादर झाले.

कथा अजातशत्रूच्या काळातील. मूळ कथा ‘अवदानशतक’ या बौद्ध ग्रंथात आहे. राजेंद्रलाल मित्र यांनी १८८२ मध्ये नेपाळातील संस्कृत बौद्ध साहित्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून ती रवींद्रनाथांना मिळाली. त्यावर त्यांनी आधी ‘पूजारिणी’ ही कविता लिहिली आणि पुढे नाटक रचले. मूळ कथेतील श्रीमती ही अंतःपुरातील स्त्री. नाटकात कवींनी तिला राजवाड्यातील नटी केले. बुद्धपूजेला राजाने बंदी घातली आहे. भगवंताच्या जन्मोत्सवाच्या दिवशी स्तूपापुढे पूजा करण्याचा मान भिक्षू या हलक्या मानल्या गेलेल्या नटीला देतात. राजकन्या रत्नावलीला तो अपमान वाटतो. स्तूपाची विटंबना व्हावी म्हणून श्रीमतीने तिथे नाचावे, अशी आज्ञा होते. श्रीमती नाचते, नाचता नाचता एकेक अलंकार उतरवून टाकते आणि अखेर तिच्या अंगावर भिक्षुणीचे वस्त्र दिसते. विटंबनेसाठी फर्मावलेले नृत्य वंदना होऊन जाते. तिला प्राण गमवावा लागतो आणि तिला हिणवणारी रत्नावली शेवटी नतमस्तक होते.

प्रमुख भूमिका चित्रकार नंदलाल बसू यांची कन्या गौरी हिने केली होती. पुढच्या वर्षी, जानेवारी १९२७ मध्ये, जोडासांको येथे तिकिटे लावून हा प्रयोग झाला. प्रतिष्ठित घरातील मुलींनी लोकांसमोर नाचावे, ही गोष्ट तेव्हाच्या कलकत्त्याला पचणारी नव्हती. मूळ नाटकात सर्व पात्रे स्त्रियांची होती. पासष्टी उलटलेल्या कवींनी भिक्षू उपालीची भूमिका नव्याने लिहिली आणि ते स्वतः मुलींबरोबर मंचावर उभे राहिले. टीका झाली असती तर ती आधी त्यांच्यावर झाली असती. शिक्षकाने विद्यार्थिनींच्या पाठीशी कसे उभे राहावे, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. १९३२ मध्ये न्यू थिएटर्सने कवींच्या दिग्दर्शनाखाली या नाटकाचा चित्रपटही काढला.

नृत्य आणि आपल्या मुली

येथे पालकांच्या मनातील एका प्रश्नाला सामोरे गेले पाहिजे. आपल्या मुलींनी नाचावे काय? हा प्रश्न मागासलेपणाचा नाही. तो इतिहासातून आलेला आहे. बंगाली भद्र समाजाला मुलींचे नृत्य नको होते, कारण नृत्य खालच्या स्त्रियांचे मानले जाई. त्या ‘खालच्या’ स्त्रिया महाराष्ट्रात कोण होत्या? मुरळी, जोगतीण, देवदासी म्हणून सोडलेल्या आणि फडावर नाचवल्या गेलेल्या मुली बहुतांशी आपल्याच घरांतल्या होत्या. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी या भगिनींपुढे भाषण करून तो जीवनक्रम सोडण्याचे आवाहन केले, ते याच कारणाने. ज्यांच्यावर नृत्य लादले गेले, त्यांच्या लेकी-नातींनी ते पुन्हा का स्वीकारावे, असे एखाद्या आईला वाटले तर तिचे काही चुकत नाही.

परंतु ‘नटीर पूजा’चा अर्थ नेमका येथेच आपल्या कामी येतो. दोष पावलांचा नव्हता, आज्ञेचा होता. जे नृत्य मालकाच्या करमणुकीसाठी, पोटाच्या सक्तीने, जातीच्या नेमून दिलेल्या कामाप्रमाणे करावे लागते ते दास्य आहे. तेच शरीर, तीच लय स्वतःच्या इच्छेने, शिकून, समजून, सन्मानाने मंचावर आली की ती कला होते. श्रीमतीने नृत्य टाकले नाही. तिने आज्ञेचा अर्थ उलटवला. म्हणून निवासी शाळेतील मुलीने रंगमंचावर नृत्यनाट्य करावे की नाही, याची कसोटी साधी आहे : तिने स्वतः निवडले आहे काय, तिला कथा समजली आहे काय, आणि पाहणारा तिला विद्यार्थिनी म्हणून पाहतो आहे काय? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल तर भिण्याचे कारण नाही.

‘चंडालिका’ : एका कथेची तीन रूपे

रवींद्रजयंतीला सर्वाधिक सादर होणाऱ्या नृत्यनाट्यांपैकी एक म्हणजे ‘चंडालिका’. नाटक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९३८ मध्ये त्याचे नृत्यनाट्य झाले. नृत्यनाट्याच्या आरंभी फुले विकणाऱ्या मुली, दहीवाला, बांगडीवाला येतात. प्रकृती नावाची मुलगी वस्तू मागते. ती चांडाळकन्या असल्याचे कळताच सारे दूर सरतात. त्यानंतर विहिरीजवळ भिक्षू आनंद येतो आणि तिच्याकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. आनंद तिला सांगतो की तू माझ्यासारखीच माणूस आहेस. या एका वाक्याने तिचा नवा जन्म होतो. पुढे ती आनंदाच्या ओढीने आईकरवी मंत्राचा प्रयोग करवते. आनंदाच्या मुखावरील तेज विझलेले पाहून तिला पश्चात्ताप होतो. मंत्र मागे घेताना आई मरण पावते.

हीच कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, स्त्रियांच्या धम्मदीक्षेच्या भागात सांगितली आहे. तेथे प्रकृतीची भेट प्रत्यक्ष तथागतांशी होते, संवाद होतो आणि ती समजून-उमजून संघात प्रवेश करते. रवींद्रनाथांची प्रकृती आपल्या अंतःकरणात मुक्त होते. बाबासाहेबांची प्रकृती संघाची सभासद होते. एकीचा शेवट व्यक्तीच्या जागृतीत, दुसरीचा शेवट समाजातील नव्या स्थानात. मुक्तीला मन लागते आणि संस्थाही लागते, हे दोन्ही कथा शेजारी ठेवल्यावरच पूर्ण कळते.

तिसरे रूप सर्वांत जुने आहे आणि ते मंचावर येतच नाही. ‘दिव्यावदान’ या ग्रंथातील शार्दूलकर्णाच्या अवदानात प्रकृतीची कथा हे केवळ निमित्त आहे. तथागत तेथे पूर्वजन्मीची हकिकत सांगतात. मातंगांचा प्रमुख त्रिशंकू आपला पुत्र शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी या ब्राह्मणाकडे त्याच्या कन्येची मागणी करतो. ब्राह्मण संतापतो. मग त्रिशंकू वाद मांडतो : गवत, वृक्ष, पशू, पक्षी यांच्यात जातीजातींची वेगळी लक्षणे डोळ्यांना दिसतात, माणसामाणसांत तसे कोणते लक्षण आहे? ब्राह्मण निरुत्तर होतो. रवींद्रनाथांनी हा वाद आपल्या नाटकात घेतला नाही. कवीला एका मुलीच्या मनाची उलथापालथ हवी होती. पण आपल्या दृष्टीने ज्यावर भर द्यावा असा भाग तोच आहे. आपल्या मुलांनी ‘चंडालिका’ बसवली, तर त्रिशंकू आणि पुष्करसारी यांचा संवाद त्यांनी स्वतः लिहून जोडावा. शेकडो वर्षांपूर्वी बौद्ध लेखकाने मांडलेला तर्क मंचावर पुन्हा बोलू लागेल.

आणखी एक गोष्ट. ‘चंडालिका’ १९३३ ची, तर महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. नाटकात अस्पृश्य मुलीकडे कोणी पाणी मागतो आणि ती धन्य होते. महाडला अस्पृश्यांनी कोणाच्या मागण्याची वाट पाहिली नाही. ते तळ्यापर्यंत चालत गेले आणि आपल्या ओंजळीने पाणी प्याले. करुणा आणि हक्क यांतील अंतर या दोन प्रसंगांत मावलेले आहे. आनंदाची करुणा थोर आहे. पण तिच्यावर समाज विसंबून राहू शकत नाही.

गाण्यावर बंदी आली तेव्हा

जयंती साजरी करण्यासाठी धैर्य लागते, हे पूर्व पाकिस्तानातील बंगाली लोकांनी दाखवले. १९६१ मध्ये तिथे अयूब खान यांची लष्करी राजवट होती. हिंदू घरात जन्मलेल्या, भारतीय मानल्या जाणाऱ्या कवीची जन्मशताब्दी मुस्लीम बंगाल्यांनी साजरी करणे शासनाला रुचणारे नव्हते. तरीही न्यायमूर्ती सय्यद महबूब मुर्शिद यांच्यासारखे लोक पुढे आले आणि ढाक्यात शताब्दी साजरी झाली. त्याच उत्साहातून सुफिया कमाल, वाहिदुल हक, सनजीदा खातून प्रभृतींनी ‘छायानट’ ही संस्था स्थापन केली आणि तिने गाण्याची शाळा चालवली. १९६७ मध्ये छायानटने ढाक्याच्या रमना उद्यानात नववर्षाच्या पहाटे गाण्याचा कार्यक्रम सुरू केला. त्या जागेचे नाव ‘बटमूल’, म्हणजे वडाचे मूळ. प्रत्यक्षात ते झाड पिंपळाचे आहे. त्याच वर्षी जूनमध्ये माहितीमंत्री ख्वाजा शहाबुद्दीन यांनी रवींद्रांची गाणी रेडिओवरून बंद करण्याची घोषणा केली. निषेध झाला, पत्रके निघाली आणि लोक अधिकच गाऊ लागले. १९७१ मध्ये स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाने रवींद्रनाथांचेच १९०५ सालचे गीत राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले. आज शिलाईदह, शाहजादपूर आणि पतिसर या कवींच्या वास्तव्याच्या ठिकाणी पंचवीस बैशाखला मोठे समारंभ होतात. धर्म वेगळा असतानाही एखादा समाज विचाराच्या आणि भाषेच्या नात्याने कवीला आपला म्हणतो, याचे हे उदाहरण आहे.

दुसरी बाजू

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला सोडता न येणारी बाजू. रवींद्रनाथ जमीनदार होते. शांतिनिकेतनच्या शाळेत सुरुवातीच्या वर्षांत जातीचे रिवाज पाळले जात. ब्राह्मणेतर शिक्षकाला ब्राह्मण विद्यार्थ्यांनी पायाला हात लावून नमस्कार करावा की नाही, असा प्रश्न तिथे उभा राहिला होता आणि तेव्हा कवींनी रूढीचीच बाजू घेतली होती. पुढे ते बदलले. १९१० सालच्या ‘अपमानित’ या कवितेत त्यांनी जातिअहंकाराला दिलेला इशारा भारतीय साहित्यातील अत्यंत कठोर इशाऱ्यांपैकी आहे. माणूस बदलतो, हे त्यांच्या चरित्रातून मुलांना शिकवावे.

पण राजकीय हक्काच्या प्रश्नावर त्यांची भूमिका आपल्या बाजूची नव्हती. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला. २६ सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींनी उपोषण सोडले, तेव्हा रवींद्रनाथ तिथे उपस्थित होते. करारानुसार बंगालमध्ये सर्वसाधारण ८० जागांपैकी ३० जागा अस्पृश्य वर्गांसाठी राखीव झाल्या. बंगालच्या सवर्ण हिंदूंनी ओरड केली. १९३३ मध्ये रवींद्रनाथांनीही या करारामुळे बंगालवर अन्याय झाल्याचे जाहीर केले आणि १९३६ मध्ये जातीय निवाड्याविरुद्ध कलकत्त्यात भरलेल्या सभेचे अध्यक्षपद स्वीकारले. ज्या वर्षी त्यांनी प्रकृतीला ‘तू माणूस आहेस’ असे आनंदाच्या मुखाने सांगितले, त्याच वर्षी प्रकृतीच्या बांधवांना मिळालेल्या जागा त्यांना अधिक वाटल्या. या विसंगतीवर पांघरूण घालण्याचे आपल्याला कारण नाही.

बंगालमध्ये आणखी एक ठाकूर घराणे होते. फरीदपूरच्या ओडाकांदीचे हरिचंद आणि गुरुचंद ठाकूर यांनी मतुआ पंथातून नमःशूद्रांना संघटित केले आणि गुरुचंदांनी शिक्षणाचा ध्यास घेतला. त्याच नमःशूद्र समाजातील जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांचे सहकारी यांच्या बळावर १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. ‘ठाकूर’ म्हटले की जोडासांको आठवतो, तसे ओडाकांदीही आपल्या मुलांना आठवले पाहिजे.

आपण काय घ्यावे?

मग ज्यांच्याशी मतभेद आहेत त्यांची जयंती का अभ्यासावी? याचे उत्तर बाबासाहेबांच्या कृतीत आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त त्यांनी भाषण केले. रानड्यांच्या सामाजिक कार्याचे मोल त्यांनी मोजून सांगितले आणि त्याच भाषणात विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. आदर बाळगणे वेगळे आणि बुद्धी गहाण टाकणे वेगळे, हा त्यातील भेद होता. जयंतीच्या दिवशी उत्सवमूर्तीची समीक्षा करता येते, नव्हे ती केलीच पाहिजे, हे बाबासाहेबांनी स्वतः जयंतीच्या व्यासपीठावरून दाखवले.

रवींद्रनाथांनी १८ मे १९३५ रोजी, वैशाख पौर्णिमेला, कलकत्त्याच्या धर्मराजिक विहारात भाषण करताना बुद्धांना आपण अंतःकरणातून सर्वश्रेष्ठ मानव मानतो, असे सांगितले होते. हे ऐकून आपल्याला आनंद होतो. पण ज्यांनी बुद्धांची स्तुती केली ते सर्वस्वी आपले, असा सोपा हिशेब करू नये. गाणे घ्यावे, कथा घ्यावी, मुलींच्या पाठीशी उभे राहण्याचे धैर्य घ्यावे, स्वर लिहून ठेवण्याची शिस्त घ्यावी; आणि जे पटत नाही ते पुराव्यासह, शांतपणे मांडावे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे की त्यांनी आपल्या वस्तीतील पुढच्या जयंतीत तीन गोष्टी कराव्यात. एक, आपल्या भागातील वृद्ध शाहिराकडून किमान एक गीत चालीसह ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि जाणकाराकडून त्याची स्वरलिपी लिहवून विहाराच्या ग्रंथालयात ठेवावी. दोन, मिरवणुकीइतकाच वेळ मुलांच्या वाचनाला, नाट्याला आणि भाषणाला द्यावा. तीन, भाषणाचा विषय आधी जाहीर करावा आणि भाषणानंतर श्रोत्यांना प्रश्न विचारू द्यावेत. ज्या जयंतीतून घरी परतताना मूल एखादा प्रश्न घेऊन येते, ती जयंती सफल झाली असे समजावे.

विद्यार्थ्यांनी चर्चेसाठी पुढील प्रश्न घ्यावेत. श्रीमतीने नृत्याला नकार दिला असता तर कथेचा अर्थ काय राहिला असता? प्रकृतीच्या कथेचा शेवट तुम्ही कोणता निवडाल, आणि का? पाणी देणे आणि पाणी घेणे यांत कोणता फरक आहे? एखाद्या थोर माणसाचा एक विचार पटतो आणि दुसरा पटत नाही, तेव्हा त्याच्या जयंतीला आपण काय बोलावे?